ऐकू येतं, पण कळत नाही

सकाळी ८:१५

ओपीडीची रांग लागायला अजून अवकाश असतो. पुण्यातल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते, तिथे दिवसाचं पहिलं काम यंत्रांचं. ध्वनिरोधक खोलीत बसून ऑडिओमीटरचे हेडफोन मी स्वतःच्या कानांना लावते आणि २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर मंद करत नेते. माझ्या कानांचे आकडे मला पाठ आहेत. त्यांत फरक दिसला, तर दोष हेडफोनमध्ये नाहीतर वायरीत आहे असं धरायचं आणि पहिला रुग्ण आत येण्याआधी तो काढायचा.

जेमतेम ऐकू येणारा सूर आतल्या कानात किती हालचाल घडवतो, हे मोजलं गेलेलं आहे. कॉक्लिया म्हणजे अडीच वेढ्यांचा एक बारीक शंख. त्यात बेसिलर पडदा नावाची पट्टी असते आणि इतक्या मंद आवाजाला ती एका नॅनोमीटरहूनही कमी हलते. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं ऐकणंही याच पट्टीवर चालतं. सर्वांत मंद आणि जेमतेम सोसवेल अशा आवाजांत दाबाचा फरक दहा लाख पटींचा आहे.

हे सगळं ज्या पेशींच्या जिवावर होतं, त्या फार थोड्या आहेत. पट्टी उलगडली तर तिची लांबी साधारण ३५ मिलिमीटर भरते. तिच्यावर आतल्या केशपेशींची एक ओळ, सुमारे ३,५०० पेशींची. बाहेरच्या केशपेशींच्या तीन ओळी, सुमारे १२,००० पेशींच्या. मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेत तंतू साधारण ३०,०००. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात, यावरून कानाची शिल्लक किती तुटपुंजी आहे ते लक्षात यावं. ही शिल्लक जन्माआधीच तयार होते आणि पुढे तिच्यात भर पडत नाही. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये दिसून आलं; माणसाच्या कॉक्लियात तसं घडत नाही.

ओपीडीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “मॅडम, ऐकू येतं, पण कळत नाही.” बरेच जण ते संकोचून बोलतात, कारण घरच्यांनी त्याचा अर्थ ‘लक्षच देत नाहीत’ असा लावलेला असतो. माझ्या दृष्टीनं रुग्णानं स्वतः सांगितलेलं ते अचूक निदान असतं. आतला कान प्रत्येक आवाजाची नोंद दोन तऱ्हांनी करतो: तो पट्टीवर कुठे उमटला आणि नेमका केव्हा उमटला. यांतली एक नोंद पुसट झाली की आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. कोणाची कोणती नोंद बिघडली आहे, हे शोधण्यात माझा दिवस जातो.

सकाळी ९:००

बाळंतिणींचा वॉर्ड. काल-परवा जन्मलेली बाळं दूध पिऊन झोपली की आमची वेळ साधते. ट्रॉलीवरचं ओएई यंत्र, म्हणजे कानातून परतणारा आवाज टिपणारं यंत्र, पाहून एक आजी विचारतात, “एवढ्याशा जिवाची कसली हो तपासणी? मी परवाच थाळी वाजवून बघितली, चांगलं दचकलं की!”

“आजी, थाळीचा आवाज फार मोठा असतो. त्यात जाड-बारीक सगळे सूर एकदम असतात. निम्मं ऐकू येणारं बाळसुद्धा त्यानं दचकतं. ही तपासणी दुखत नाही, बाळ झोपेतून उठणारही नाही.”

बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवायचं. त्यात एक सूक्ष्म स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. स्पीकरमधून टिक-टिक असे बारीक आवाज सोडायचे आणि वाट पाहायची. काही हजारांश सेकंदांनी कानाच्या आतून उलट आवाज येतो. आधी उंच सूर येतात, कारण त्यांची जागा शंखाच्या दाराशी आहे. मग खालचे सूर, कारण ते आतवर जाऊन परततात.

हा आवाज बाहेरच्या केशपेशींनी चालवलेल्या कामाचा असतो. या पेशी विजेच्या दाबानुसार आखूड-लांब होतात. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं, आणि २००० मध्ये त्यामागचं प्रेस्टिन नावाचं प्रथिन सापडलं. पट्टी हलली की तिच्या लयीतच या पेशी तिला आणखी रेटा देतात. मंद आवाज त्यामुळे शेकडो पटींनी वाढतो. असा जिवंत रेटा कानात असलाच पाहिजे, असं थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. ते पुढे खगोलभौतिकीत नावाजले. कानाबद्दलच्या त्यांच्या म्हणण्याला मात्र त्या वेळी कुणी दाद दिली नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनला डेव्हिड केम्प यांनी माणसाच्या कानात मायक्रोफोन ठेवून तो परतीचा आवाज पकडला. आज वॉर्डात दोन-तीन मिनिटांत होणारी तपासणी त्या नोंदीतून उभी राहिली आहे.

आजींच्या नातवाचे दोन्ही कान ‘पास’ येतात. पुढच्या खाटेवरच्या मुलीचा डावा कान ‘रेफर’ येतो आणि आईचा चेहरा उतरतो. मी तिच्याजवळ बसून सांगते की पहिल्या दिवसांत कानाच्या नळीत चिकटा असतो, पडद्यामागे पाणी असतं, त्यानंही असं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. पण यायचंच, चुकवायचं नाही, हे मात्र तारीख लिहून देऊन सांगते. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा या कामातला दंडक आहे. बाळाचा शंख जन्मतःच मोठ्या माणसाएवढा असतो आणि आईच्या पोटात असल्यापासून काम करत असतो. त्यामुळे सहा महिने हा मेंदूच्या हिशेबानं लहान काळ नाही.

सकाळी १०:००

ओपीडी. इंदापूरकडचे एक आजोबा मुलाला घेऊन आले आहेत. मुलगा दारातच सुरू करतो, “बाबांना टीव्ही ऐकू येतो, आम्ही बोललेलं तेवढं ऐकू येत नाही. आणि मोठ्यानं बोललं की चिडतात, ओरडतोस कशाला म्हणतात.”

आजोबांना खोलीत बसवून हातात बटण देते. सूर कितीही बारीक ऐकू आला तरी दाबायचं. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या कागदावर उमटत जातात. १००० हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सरळ. तिथून ती उताराला लागते आणि ४००० हर्ट्झला ६५ डेसिबलवर पोचते.

कागदावरचा तो उतार म्हणजे शंखाच्या आतला नकाशा आहे. पेटीच्या पट्ट्यांवर सूर जसे क्रमानं मांडलेले असतात, तसे ते बेसिलर पडद्यावर मांडलेले आहेत: दाराशी, जिथे पट्टी अरुंद आणि ताठ आहे, तिथे सर्वांत उंच सूर, आत शेंड्याला, जिथे ती रुंद आणि सैल आहे, तिथे सर्वांत खालचे. उंच सुरांच्या भागात एका सप्तकाला साधारण ५ मिलिमीटर जागा मिळते. आवाज आत शिरला की पट्टीवरून एक लाट धावते, आपल्या सुराच्या जागी उंच उसळते आणि विरून जाते. बुडापेस्टमधले टेलिफोन अभियंते गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांत ही लाट डोळ्यांनी पाहिली आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. मेलेल्या कानातली लाट मात्र पसरट होती. विल्यम ऱ्होड यांनी १९७१ मध्ये जिवंत माकडांच्या कानांत मोजमाप केलं, तेव्हा मंद आवाजाला पट्टी प्रमाणाबाहेर जास्त साथ देते असं दिसलं. ती जास्तीची साथ आणि लाटेची टोकदार उसळी, दोन्ही बाहेरच्या केशपेशींची देणगी.

वयाबरोबर दाराकडचा भाग आधी झिजतो. मराठी बोलण्यावर त्याचा काय परिणाम होतो, ते मी आजोबांच्या मुलाला प्रत्यक्ष दाखवते. तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणते: “साप. ताप. चाप. माप.” आजोबा चारांपैकी ‘माप’ नीट सांगतात; बाकी तिन्हींना ‘ताप?’ असं विचारतात. ‘आ’ हा स्वर खालच्या सुरांत आहे आणि दणकट आहे, तो त्यांना पोचतो. ‘स’ची सळसळ ४००० हर्ट्झच्या वर आहे आणि मुळातच मंद आहे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च यांतला फरकही त्याच उंच भागात राहतो. म्हणजे त्यांच्यापर्यंत वाक्याचा आवाज पोचतो, लांबी पोचते, चढउतार पोचतो; व्यंजनं गळतात. उरलेल्या जागा ते अंदाजानं भरतात आणि अंदाज चुकला की घरात हशा होतो. मग माणूस हळूहळू बोलणंच सोडतो.

चिडण्याचं कारणही तिथेच आहे. बाहेरच्या केशपेशी मंद आवाजाला मोठं करतात, मोठ्या आवाजाला जवळजवळ हात लावत नाहीत. त्या गेल्या की मंद आवाज नाहीसा होतो आणि मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा राहतो. ऐकू येणं आणि असह्य होणं यांतलं अंतर चिंचोळं होतं. ओरडलं की माणसाचे स्वर वाढतात, ‘स’ आणि ‘त’ त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे मुलगा ओरडतो तेव्हा वडिलांना जे हवं ते मिळत नाही आणि जे नको ते दुप्पट मिळतं.

“काका, तुमच्या ऐकण्यात हट्टाचा काही भाग नाही,” मी मुद्दाम मुलाच्या देखत सांगते. मुलगा खाली बघतो आणि मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवतो. कानाचं मशीन लावून बघायचं ठरतं. मंद आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढवणारं डिजिटल मशीन, तेही दोन्ही कानांना. टोकदार उसळी कोणतंच मशीन परत आणू शकत नाही, म्हणून त्याच्या जोडीला घरातली शिस्त हवी: टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकानं बोलायचं.

सकाळी ११:३०

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये अनेक वर्षं काम केलेले एक गृहस्थ. त्यांच्या रेघेत ४००० हर्ट्झला खोल खड्डा आहे आणि ८००० हर्ट्झला ती पुन्हा वर आलेली आहे. यंत्रांच्या धडधडीनं होणाऱ्या नुकसानाची ही सही. कानाची नळी स्वतः ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर वाढवून आत सोडते आणि मोठ्या आवाजाची इजा त्याच्या थोडी वर होते. दारापासून सुमारे १२ मिलिमीटर आत, नेमक्या त्या जागच्या पेशी गेल्या आहेत. राहिलेल्या वाचवायच्या तर आजपासून कानात प्लग, पाळी संपेपर्यंत.

त्यांच्यानंतर बसलेला तरुण ढोल पथकात वाजवतो. त्याची तक्रार अशी, की हॉटेलात मित्रांच्या गराड्यात समोरच्याचं बोलणं तुटक येतं. त्याची रेघ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ आहे. काही वर्षांपूर्वी अशा मुलाला ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं जायचं. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन तास मोठा आवाज ऐकवल्यावर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, केशपेशीही शाबूत राहिल्या; पण शंखाच्या उंच सुरांच्या भागात केशपेशी आणि चेतातंतू यांमधले निम्म्यापर्यंत जोड कायमचे तुटले. शांततेत एक सूर ओळखायला थोडे तंतू पुरतात, म्हणून साध्या तपासणीत हे दिसत नाही. पुढच्या अभ्यासांनुसार यात आधी बळी पडतात ते मोठ्या आवाजातच जागे होणारे तंतू, आणि गोंगाटात बोलणं निवडायला तेच लागतात. वृद्ध माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या कानांतही असे तुटलेले जोड दिसले आहेत.

जिवंत माणसाच्या कानात हे जोड मोजण्याची पक्की सोय नाही. म्हणून मी गोंगाटात बोलणं ओळखण्याची चाचणी घेते आणि त्याला स्पष्ट सांगते, “तुझी तक्रार खरी आहे. ढोल सोडू नकोस, पण सरावाच्या पहिल्या दिवसापासून कानात प्लग हवेत. मिरवणुकीपुरते घालून भागणार नाही.”

दुपारी १२:३०

बेराची खोली. इथे चेता आणि मेंदूचा बुंधा आवाजाला काय साद देतात ते मोजतात. चार महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर झोपलं आहे. जन्मानंतर त्याला तीव्र कावीळ झाली होती, रक्त बदलावं लागलं होतं. ओएई दोन्ही कानांत ‘पास’. तरीही आई म्हणते, “मॅडम, हाक मारली तर हा वळत नाही. सगळे म्हणतात मुलगे उशिरा करतात. मला ते पटत नाही.”

आईचं हे न पटणं मी कधीही बाजूला सारत नाही. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून कानात टिकटिक सुरू करते. प्रत्येक टिकटिकीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा हजारांश सेकंदांत चेता आणि मेंदूचा बुंधा यांत जी वीज उठते, तिची हजार-दोन हजार वेळांची सरासरी काढायची. निरोगी कानात लाटा ओळीनं दिसतात: पहिली श्रवणचेतेची, पाचवी मेंदूच्या बुंध्यात वरपर्यंत पोचल्याची खूण.

पट्टीची हालचाल विजेत कशी उतरते, याचं यंत्र अतिशय सुंदर आहे. केशपेशीच्या डोक्यावर उतरत्या उंचीचे बारीक काटे असतात आणि आखूड काट्याचं टोक लांब काट्याला एका धाग्यानं बांधलेलं असतं. जेम्स पिकल्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तो धागा दाखवला. काटे एका दिशेला कलले की धागा ताणतो, पेशीतलं दार उघडतं, पोटॅशियम आत धावतं. बाहेरच्या द्रवात +८० मिलिव्होल्टचा दाब कायम राखलेला असतो, त्यामुळे हे क्षणात घडतं. उलट दिशेला कलले की दार बंद. म्हणजे लाटेच्या एकाच बाजूला पेशी चेतेला खबर देते. २०० हर्ट्झचा सूर असेल तर दर पाच हजारांश सेकंदांनी. एक तंतू सेकंदाला काहीशे वेळांपलीकडे स्पंदन देऊ शकत नाही. पण शेजारचे अनेक तंतू मिळून कुणी या लाटेवर, कुणी पुढच्या लाटेवर अशी साथ देतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही वेळेची नोंद ४००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत टिकलेली दिसते. माणसाच्या आवाजाची उंची, आई बोलते आहे की बाबा, हे यातूनही कळतं.

या बाळाच्या पडद्यावर सुरुवातीला एक बारीक थरथर आहे आणि टिकटिकीची दिशा उलटी केली की तीही उलटी होते. ती केशपेशींची आहे. तिच्यापुढे एकही लाट नाही. ‘कुठे’ची नोंद करणारी पट्टी हलते आहे, केशपेशी जाग्या आहेत; पुढे चेतेतले तंतू एका वेळी, एका ठोक्यात बोलत नाहीत. अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या दोषाला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ म्हटलं. तीव्र कावीळ हे त्याचं एक ठळक कारण आहे. म्हणूनच अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची नुसत्या ओएईवर बोळवण करायची नसते.

“म्हणजे याला ऐकू येत नाही का?” आई विचारते.

“आवाज पोचत असेल, पण विस्कटलेला. याचा कान बघून पुढचं सगळं एका दिवसात सांगता येणार नाही. काही मुलांमध्ये पुढच्या महिन्यांत सुधारणा होते, काहींना इम्प्लांट लागतं. दर काही आठवड्यांनी तपासू. तोवर त्याच्याशी बोलताना चेहरा दिसू द्या, हातांनी खुणाही करा. भाषा थांबता कामा नये. आणि ताई, तुम्हाला जे वाटत होतं ते बरोबर होतं.”

दुपारी २:१५

जेवण आटोपून मॅपिंगची खोली. साताऱ्याहून आलेला चार वर्षांचा मुलगा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून त्याला कॉक्लियर इम्प्लांट बसवलं आहे. त्याच्या केशपेशी जन्मापासून निकामी आहेत, चेता मात्र शाबूत आहे. शस्त्रक्रियेत शंखाच्या आत इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवली गेली; कानामागचं यंत्र आवाज घेतं, त्याची उंच-खालच्या सुरांच्या पट्ट्यांत विभागणी करतं आणि प्रत्येक पट्टी आपापल्या इलेक्ट्रोडकडे पाठवतं. २२ इलेक्ट्रोड, १२ इलेक्ट्रोड, असे कंपनीगणिक आकडे वेगळे. हजारो केशपेशींचं काम एवढ्यांनी करायचं.

मी एकेका इलेक्ट्रोडचा प्रवाह हळूहळू वाढवते. ऐकू आलं की तो डब्यात लाकडी ठोकळा टाकतो. किती प्रवाहाला आवाज सुरू होतो आणि कितीला तो सुखद मोठा वाटतो, या दोन आकड्यांच्या मध्ये त्याचं सगळं जग बसवायचं असतं. तार शेंड्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खालचे सूर नैसर्गिक जागेपेक्षा वरच्या जागी वाजतात. मेंदू ते काही महिन्यांत जुळवून घेतो, आणि वय लहान असेल तर फार चांगलं जुळवून घेतो.

पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिये यांनी १९५७ मध्ये एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणचेतेला वीज दिली, तेव्हा त्याला आवाजाची जाणीव झाली. मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या प्रवाहात मिसळून गोंधळ करत. ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रत्येकाला पाळीपाळीनं स्पंदन द्यायची रीत मांडली आणि बोलणं कळण्याचं प्रमाण एकदम वाढलं. एवढ्या थोड्या इलेक्ट्रोडवर बोलणं कसं कळतं, याचं उत्तर रॉबर्ट शॅनन यांच्या १९९५ च्या प्रयोगात मिळतं. सगळं बोलणं चारच पट्ट्यांच्या सळसळीत उतरवलं, प्रत्येक पट्टीचा फक्त चढउतार राखला, तरी शांत खोलीत माणसं वाक्यं ओळखत होती.

गाण्याला एवढं पुरत नाही. ठरावीक वेगानं जाणाऱ्या स्पंदनांत सुराची सूक्ष्म वेळ हरवते. या मुलाची आई सांगते, की गणपतीत तो टाळ्यांचा ठेका अचूक धरतो, आरतीची चाल मात्र त्याला सापडत नाही. असं होणारच, हे मी तिला समजावते. ठेका त्याला पूर्ण मिळतो, चाल अर्धी मिळते. म्हणून त्याच्यासोबत गाणं थांबवायचं कारण नाही.

दुपारी ३:३०

वाचा-उपचाराच्या खोलीत तोच मुलगा, त्याची आई आणि आमची स्पीच थेरपिस्ट. तोंड हातानं झाकून ती एकेक आवाज काढते: म, ऊ, आ, ई, श, स. सहा आवाजांत बोलण्याचा सगळा पट्टा येतो, तळाशी ‘म’ आणि टोकाला ‘स’. त्यानं सहाही परत म्हणून दाखवले, म्हणजे दुपारी मॅपिंगमध्ये बसवलेला नकाशा जुळला.

मग चित्रं येतात: कडी, खडी, गडी, घडी. क, ख, ग, घ यांत घसा केव्हा कंप पावू लागतो आणि श्वास किती सुटतो, एवढाच फरक असतो, काही शतांश सेकंदांचा. इम्प्लांट हा फरक चांगला पोचवतं. मुलगा ‘खडी’वर बोट ठेवतो, मग ‘घडी’वर. शेवटच्या फेरीत तो स्वतः कार्ड उचलतो, तोंडासमोर धरतो आणि आईला विचारतो, “सांग, काय म्हणालो?” आई हसते आणि मुद्दाम चुकीचं चित्र दाखवते. तो तिला दुरुस्त करतो.

दुपारी ४:३०

वॉर्डातून आलेल्या एका ताईंना काही वर्षांपूर्वी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनची इंजेक्शनं दिली होती. जीव वाचला, कानात सतत शिट्टी राहिली. त्यांची रेघ उंच सुरांकडे कोसळलेली आहे. ही औषधं केशपेशीत शिरतात ती काट्यांवरच्या त्याच दारातून, ज्यातून ऐकणं सुरू होतं. आणि दाराकडच्या, म्हणजे उंच सुरांच्या पेशी आधी मारतात. आता अशा क्षयासाठी तोंडावाटे घ्यायच्या औषधांचे उपचार आले आहेत, हा मोठा दिलासा आहे. ज्यांना आजही अशी इंजेक्शनं द्यावी लागतात, त्यांची उंच सुरांची तपासणी उपचार चालू असतानाच व्हायला हवी. बोलण्याचा पट्टा धोक्यात येण्याआधी ती इशारा देते. या ताईंना मशीनमुळे शब्द थोडे मिळतील आणि बाहेरचे आवाज वाढले की शिट्टीही मागे पडेल. पुढच्या मंगळवारी त्यांना ट्रायलला बोलावते.

संध्याकाळी ५:१५

अहवाल. डेसिबलचे आकडे लिहून झाले की प्रत्येक कागदावर मी साध्या मराठीत चार ओळी लिहिते, कारण आकडे फाइलला लागतात आणि घराला या ओळी लागतात. आजोबांच्या कागदावर: हाताच्या अंतरावर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोला, ओरडू नका. तरुणाच्या कागदावर: शांत खोलीतली तपासणी चांगली, गोंगाटातली कमी, प्लग अनिवार्य, एका वर्षानं पुन्हा. काविळीच्या बाळाच्या कागदावर: ओएई आहे, बेरा नाही, सहा आठवड्यांनी फेरतपासणी, आईचं निरीक्षण ग्राह्य.

वॉर्डातल्या ‘रेफर’ बाळाचं नाव दोन आठवड्यांनंतरच्या तारखेखाली लिहिते आणि आशाताईंना फोन करते, त्या दिवशी बाळाला आणि आईला घेऊन या म्हणून. सातशे-आठशे रुपयांची मजुरी बुडते म्हणून फेरतपासणी चुकते आणि दोन-अडीच वर्षांनी मूल बोलत नाही म्हणून तेच कुटुंब परत येतं. मधला काळ मेंदूला परत देता येत नाही. केशपेशी उगवत नाहीत, हे आजचं सत्य आहे. पण लवकर कळलं तर मशीन, इम्प्लांट आणि खुणांची भाषा यांतून मुलाच्या मेंदूला भाषेची नोंद वेळेत देता येते, हेही तितकंच सत्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश २०१३ पासून आहे. तालुक्याच्या प्रत्येक प्रसूतिगृहात एक ओएई यंत्र, ते चालवणारं प्रशिक्षित माणूस आणि ‘रेफर’ आलेल्या बाळाला परत आणणारी व्यवस्था, एवढं झालं पाहिजे. यंत्राला लागतात तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांवर एका मुलाची पहिली भाषा अवलंबून असते.